मुक्काम आणि पोस्ट

मराठी माणूस पत्रावर पत्ता लिहितो तेव्हा प्रारंभी दोन लहान अक्षरे घालतो : मु. पो. म्हणजे मुक्काम आणि पोस्ट. ही अक्षरे आपल्या इतकी अंगवळणी पडली आहेत की, ती दोन निरनिराळ्या गोष्टी सांगतात हे आपल्या ध्यानातही येत नाही. मुक्काम म्हणजे माणूस जेथे उतरला आहे ते ठिकाण. पोस्ट म्हणजे त्याच्या नावाचा कागद जेथे येऊन पोचतो ते ठिकाण. ज्या गावी टपालकचेरी असते तेथे दोहोंचे नाव एकच असते, म्हणून आपण ‘मु. पो.’ असे जोडून लिहितो. ज्या वाडीला टपालकचेरी नसते तेथील माणूस मुक्काम आपल्या वाडीचा लिहितो आणि पोस्ट शेजारच्या गावाचे. कायम नोकरी करणाऱ्याला हा भेद फारसा जाणवत नाही. परंतु जो सहा महिने एका कारखान्यात, पुढे वर्षभर दुसऱ्या शहरातील कचेरीत, अशा मुदतीच्या किंवा कंत्राटी कामावर आपला चरितार्थ चालवतो, त्याच्या बाबतीत मुक्काम आणि पोस्ट यांची फारकत अटळ असते. अशा माणसाने कामासाठी अर्ज करताना आपल्या परिचयपत्रकावर, म्हणजे ज्याला आपण बायोडेटा किंवा सीव्ही म्हणतो त्या कागदावर, आपला ठावठिकाणा कसा लिहावा, किती लिहावा आणि कोणाच्या हाती द्यावा, याचा विचार आज करावयाचा आहे.

विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. शिक्षण, अनुभव, कसब या गोष्टी महत्त्वाच्या. नाव आणि पत्ता काय, कोणीही लिहील! वास्तविक कंत्राटी कामात तसे नसते. तेलशुद्धीकरण कारखाना किंवा औष्णिक वीजकेंद्र दुरुस्तीसाठी काही आठवडे बंद ठेवतात, तेव्हा जोडारी, वेल्डर, वीजतंत्री यांची एकाएकी निकड लागते. कंत्राटदार हाताशी असलेल्या यादीतील क्रमांक एकामागून एक फिरवतो. जो भेटला त्याला काम मिळते. ज्याचा क्रमांक बंद लागला त्याच्यासाठी दुसऱ्यांदा कोणी थांबत नाही. संगणकावर काम करणारे, लेखापाल, आराखडे काढणारे, दवाखान्यातील परिचारिका, यांचाही अनुभव याहून वेगळा नाही. कायम नोकरीसाठी माणूस असा अर्ज आयुष्यात दोनचार वेळा करतो. कंत्राटी माणसाला तो वर्षातून दोनचार वेळा करावा लागतो. प्रत्येक वेळी त्याचा कागद अनेक अनोळखी हातांत जातो आणि काम संपल्यावरही तेथेच राहतो. म्हणजे त्याच्यापुढे दोन भये एकाच वेळी उभी असतात. ठिकाणा सापडला नाही तर काम जाते. आणि तो वाटेल त्याच्या हाती सापडला तर फसवणुकीला दार उघडते.

या प्रश्नाला आपल्याकडे जुना इतिहास आहे. मुंबईच्या कापडगिरण्या भरभराटीत होत्या त्या काळी बदली कामगार पाळीच्या वेळेला गिरणीच्या दारात जाऊन उभा राहत असे. कोणाला आत घ्यावयाचे हे बहुतांशी जॉबर म्हणजे मुकादम ठरवी. कोण कोणत्या चाळीत, कोणत्या गाळ्यात, कोणत्या खानावळीत आहे, हे मुकादमाला ठाऊक असे, आणि त्याच्या सत्तेचे एक कारण ते ज्ञान हेच होते. आजही मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या मुकादमाच्या मार्फतच कारखान्याशी बांधल्या जातात. मुकादमाने दिलेली उचल त्यांना त्याच्याशी जखडून ठेवते, आणि कारखान्याचा व मजुराचा सरळ संबंध बहुधा येतच नाही. आपल्याला कसे शोधावे हे ज्या एकाच माणसाला ठाऊक असते, तो आपल्या श्रमाचे मोलही ठरवू लागतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ साली, सैन्यातून मुक्त झालेल्यांना काम मिळावे म्हणून आपल्या देशात सेवायोजन कार्यालये निघाली. काम मागणाऱ्याचे नाव, कसब आणि पत्ता एका सार्वजनिक दप्तरात नोंदला जावा, कोणा एकाच्या मुठीत राहू नये, हा त्या योजनेतील मोठा विचार होता. तेव्हा आपला ठिकाणा आपल्याच हाती राखणे म्हणजे आपल्या श्रमावरचा आपला हक्क राखणे होय, ही गोष्ट आपण पहिल्याने लक्षात घेतली पाहिजे.

आता मुक्काम वारंवार बदलत असताना पोस्ट स्थिर कसे ठेवावे ते पाहू.

पहिली गोष्ट दूरध्वनीच्या क्रमांकाची. एके काळी दुसऱ्या शहरी गेलेला माणूस नवा क्रमांक घेई, आणि जुन्या क्रमांकावर येणारी कामे तेथेच संपत. जानेवारी २०११ पासून सेवा देणारी कंपनी बदलली तरी क्रमांक तोच ठेवण्याची सोय देशभर झाली. मात्र ती त्या त्या दूरसंचार मंडळाच्या हद्दीपुरतीच होती. जुलै २०१५ पासून ही मर्यादाही उठली. नागपूरचा माणूस चेन्नईत कामाला गेला, तरी आपला जुना क्रमांक तो तेथे नेऊ शकतो. म्हणून प्रत्येक नव्या कामाबरोबर नवा क्रमांक घेण्याचे आता कारण नाही. उलट तसे करण्यात धोका आहे. सलग ९० दिवस ज्याचा काहीच वापर झाला नाही असा क्रमांक कंपनीला बंद करता येतो, आणि काही काळाने तो दुसऱ्या कोणाला दिला जातो. तुमच्या जुन्या परिचयपत्रकावरील क्रमांक मग एखाद्या परक्या माणसाच्या खिशात वाजू लागतो. बँकेचे आणि भविष्यनिर्वाह निधीचे संदेशही त्याच्याकडे जाऊ लागतात. ज्यांना जमेल त्यांनी दोन क्रमांक ठेवावेत : एक बँक, निधी आणि घरच्या माणसांसाठी, तो कोणत्याही अर्जावर लिहू नये, दुसरा केवळ कामकाजासाठी, तो वर्षानुवर्षे तोच असावा आणि बंद पडू देऊ नये.

दुसरी गोष्ट ईमेलची. ज्या कचेरीत सध्या काम करीत आहोत तिने दिलेला ईमेलचा पत्ता परिचयपत्रकावर कधीही लिहू नये. ती पेटी कचेरीच्या मालकीची असते. तीतील मजकूर कचेरीला पाहता येतो, आणि मुदत संपली की बहुधा त्याच दिवशी ती बंद होते. भारतात वाढलेले सबीर भाटिया आणि त्यांचे सहकारी जॅक स्मिथ यांनी अमेरिकेत जुलै १९९६ मध्ये हॉटमेल ही विनामूल्य सेवा सुरू केली. त्या कल्पनेचे मूळ असे सांगतात की, नोकरीच्या ठिकाणी आपण एकमेकांना लिहिलेला मजकूर मालकाच्या नजरेस पडू नये, अशी त्या दोघांची इच्छा होती. कोणत्याही कचेरीशी बांधलेला नाही असा पत्ता आज कोणालाही विनामूल्य मिळतो. तो साधा असावा. आपले नाव आणि फार तर एखादा आकडा त्यात असावा. तारुण्यातील टोपणनावे आणि थट्टेची विशेषणे अर्जावर शोभत नाहीत. स्त्रियांनी आणखी एक दक्षता घ्यावी. विवाहानंतर आडनाव बदलण्याची रीत आपल्याकडे अद्याप आहे. आडनावावर पत्ता बेतला तर तो पुढे प्रमाणपत्रांशी जुळेनासा होतो किंवा बदलावा लागतो, आणि मधल्या काळातील पत्रे हरवतात. गूगलने डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षे अजिबात न वापरलेली खाती काढून टाकण्याचे धोरण अमलात आणले, हेही ध्यानात ठेवावे. लांबच्या कंत्राटावर गेलेल्या माणसाने आपली पेटी अधूनमधून उघडून पाहिलीच पाहिजे.

तिसरी गोष्ट भविष्यनिर्वाह निधीची. ती परिचयपत्रकावर लिहावयाची नसली तरी तिचे नाते याच विषयाशी आहे. २०१४ साली कामगाराला यूएएन हा एकच कायम क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली. मालक कितीही बदलले तरी हा क्रमांक बदलत नाही. मात्र त्याची दारे उघडण्याची किल्ली म्हणजे त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक. वर्षात दोनदा मालक बदलणाऱ्याने तो जोडलेला क्रमांक गमावला, तर स्वतःचेच पैसे काढण्यासाठी त्याला हेलपाटे घालावे लागतात.

राहिला घरचा पत्ता. आपल्या जुन्या बायोडेटावर घराचा संपूर्ण पत्ता, वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात, विवाहित की अविवाहित, सारे काही असते. ही चाल काही अंशी सरकारी अर्जांतून आली आणि काही अंशी विवाहाच्या स्थळांसाठी काढलेल्या पत्रिकांतून. कंत्राटी काम देणाऱ्याला पहिल्या भेटीपूर्वी यांपैकी कशाचीही गरज नसते. त्याला एवढेच हवे असते की, हा माणूस कोणत्या भागात राहतो आणि कामावर वेळेवर येऊ शकेल काय. याचे उत्तर देण्याची एक सुंदर सोय आपल्या टपालखात्याने करून ठेवली आहे. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकड्यांचा पिनकोड सुरू झाला. एकाच नावाची अनेक गावे आणि अनेक लिप्यांत लिहिलेले पत्ते यांतून पत्राला वाट सापडावी, हा त्याचा हेतू. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा सांगतात, आणि शेवटचे तीन पत्र वाटणारी टपालकचेरी. ‘पुणे’ या नावापुढे पिनकोड लिहिला की, उमेदवार शहराच्या कोणत्या भागात राहतो हे काम देणाऱ्याला कळते. मात्र कोणत्या दारावर टकटक करावी हे कोणालाही कळत नाही. परिचयपत्रकासाठी इतका पत्ता पुरे. ज्याला परगावी जाण्याची तयारी आहे त्याने ‘बाहेरगावी काम करण्यास तयार’ एवढे चार शब्द जोडावेत.

संपूर्ण पत्ता, आधार, पॅन, बँकेचे खाते, या गोष्टी निवड झाल्यावर, करारपत्राच्या वेळी द्यावयाच्या असतात. तेव्हाही आधारची प्रत मागितली तर, जेथे चालेल तेथे, केवळ शेवटचे चार आकडे दिसतील अशी झाकलेली प्रत द्यावी; ती आधारच्या संकेतस्थळावरून काढता येते. पासपोर्टचा क्रमांक परिचयपत्रकावर कधीच छापू नये.

हे सर्व कागदावर कोठे लिहावे, यालाही महत्त्व आहे. मोठ्या कंपन्यांत आणि मनुष्यबळ पुरवणाऱ्या संस्थांत आलेला कागद माणसाने पाहण्यापूर्वी पुष्कळदा संगणक वाचतो आणि त्यातील नाव, क्रमांक, ईमेल वेगळे काढून आपल्या रकान्यांत भरतो. पानाच्या अगदी वरच्या किंवा खालच्या समासात, चौकटीत अथवा चित्राच्या रूपात घातलेली अक्षरे काही संगणकांना वाचता येत नाहीत. मग कसब उत्तम असूनही रकाना रिकामा राहतो आणि निरोप कोणाला द्यावा हेच कळत नाही. म्हणून नावाच्या लगेच खाली, साध्या ओळीत, प्रथम दूरध्वनी, मग ईमेल, मग शहर व पिनकोड लिहावा. परदेशी काम मागणाऱ्याने क्रमांकापूर्वी अधिक चिन्ह व ९१ हा देशाचा आकडा घालावा. जो दिवसभर यंत्रावर उभा असतो त्याने ‘सायंकाळी सहानंतर दूरध्वनी करावा’ असे स्पष्ट लिहावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

येथवर आपण स्वतःपुरता विचार केला. परंतु कंत्राटी कामात उमेदवार आणि काम देणारा यांच्यामध्ये बहुधा एक मध्यस्थ संस्था असते, आणि ठिकाण्याचा खरा पेच तेथेच पडतो. मध्यस्थाकडे परिचयपत्रक गेले की, तो अनेकदा त्यावरील क्रमांक आणि ईमेल काढून टाकतो, वर आपल्या संस्थेचे नाव घालतो आणि मग ते कंपनीकडे धाडतो. कंपनीने उमेदवाराशी परस्पर बोलणे करून आपले शुल्क बुडवू नये, हा त्याचा हेतू. या हेतूत गैर काही नाही. त्याच्या श्रमाचा तो मोबदला आहे. परंतु आपला कागद कोणत्या कंपनीकडे, कोणत्या जागेसाठी आणि किती दराने गेला, हे जाणून घेण्याचा आग्रह उमेदवाराने धरला पाहिजे. एकाच जागेसाठी दोन मध्यस्थांनी तुमचे नाव पुढे केले, तर शुल्क कोणाचे या वादात पडण्यापेक्षा कंपनी पुष्कळदा तुमचे नावच बाजूला ठेवते. म्हणून ‘अमुक जागेसाठी अमुक संस्थेला माझे नाव पुढे करण्याची संमती आहे’ असे एकाच मध्यस्थाला लेखी द्यावे आणि दुसऱ्याला तसे स्पष्ट सांगावे. मध्यस्थाला हवे असल्यास ठिकाण्याची ओळ नसलेली वेगळी प्रत आपणच करून द्यावी. त्याने कागदाची मोडतोड करताना अनुभवाच्या चार ओळी गाळण्यापेक्षा हे बरे.

जुने वरिष्ठ आणि परिचित यांची नावे शिफारशीसाठी देण्याचीही रीत आहे. त्यांचे क्रमांक परिचयपत्रकावर छापणे दोन कारणांनी अनुचित होय. एक तर तो ठिकाणा आपला नसून त्यांचा आहे, आणि आपल्या विश्वासावर तो आपल्याकडे आलेला आहे. दुसरे असे की, काही मध्यस्थ उमेदवारासाठी नव्हे, तर नवी गिऱ्हाइके शोधण्यासाठी या क्रमांकांचा उपयोग करतात. एकाच आठवड्यात चार संस्थांचे फोन आल्यावर तो भला माणूस पाचव्या वेळी आपल्याविषयी काय बोलेल, याची कल्पना करावी. ‘मागणी केल्यास संदर्भ देता येतील’ ही ओळ पुरेशी आहे. आणि मुलाखत झाल्यावर, संबंधित व्यक्तीला विचारून मगच, क्रमांक द्यावा.

कंत्राटी माणसाने एक लहानशी वही ठेवावी असे मी सुचवीन. तीत तारीख, कोणाला परिचयपत्रक दिले, कोणत्या जागेसाठी आणि कोणता दर सांगितला, एवढे चार रकाने पुरेत. किराणा दुकानदार उधारीची वही ठेवतो तशीच ही आपल्या नावाची उधारी. नोकरीच्या संकेतस्थळांवर चढवलेली परिचयपत्रके काम मिळताच तेथून काढावीत अथवा झाकून ठेवावीत. जीमेल वापरणाऱ्यांना आणखी एक युक्ती करता येते. आपल्या पत्त्यातील नावापुढे अधिक चिन्ह आणि एखादा शब्द घातला, तरी पत्र आपल्याच पेटीत येते. प्रत्येक संकेतस्थळाला वेगळा शब्द दिला की, आपला पत्ता कोणाकडून बाहेर गेला हे पुढे ओळखता येते.

कायदाही या बाबतीत आता मूक राहिलेला नाही. खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यापुढे २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. ज्या कामासाठी माहिती दिली त्याच कामासाठी ती वापरावी, दिलेली संमती परत घेता यावी आणि माहिती पुसून टाकण्यास सांगता यावे, ही त्यातील तत्त्वे कंत्राटी उमेदवाराने जाणून घ्यावीत अशी आहेत.

तथापि कायद्याहून जवळचा रक्षक आपली सावधगिरी हाच. फसवणूक करणाऱ्याच्या हाती परिचयपत्रक पडले, तर त्याला तुमचे नाव, पदवी आणि मागची कंपनी ठाऊक असते. म्हणूनच त्याचे बोलणे खरे वाटते. ‘तुमची निवड झाली आहे, नोंदणीचे शुल्क भरा’ असे तो म्हणतो. काम देण्यापूर्वी जो पैसे मागतो त्याला नकार द्यावा. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम वाटेतच अडवली जाण्याची शक्यता अधिक असते. कोकणातून आणि देशाच्या इतर भागांतून आखाती देशांत कंत्राटावर जाणाऱ्यांनी विशेष जपावे. १९८३ च्या कायद्यानुसार परदेशी कामासाठी माणसे भरती करणाऱ्या दलालाची सरकारदरबारी नोंदणी असावी लागते, आणि ती नोंदणी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. ती पाहिल्यावाचून पासपोर्टची प्रत कोणाच्या हाती देऊ नये.

ऐकताना ही यादी लांबलचक वाटली असेल. पण तिचा गाभा आपल्या पत्त्याच्या त्या दोन अक्षरांतच आहे. कंत्राटी माणसाचा मुक्काम आज इंदूरला, उद्या हैदराबादला, परवा दुबईला असेल. तो ज्याला सांगण्याचे कारण पडेल त्यालाच सांगावा. त्याचे पोस्ट मात्र एकच असावे. निरोप तेथे खात्रीने पोचावा, आणि त्याची किल्ली ना मालकाकडे, ना मुकादमाकडे, त्याच्या स्वतःकडेच असावी. पुढच्या वेळी परिचयपत्रक पाठवण्यापूर्वी त्यावरील पहिल्या तीन ओळी पुन्हा एकदा वाचाव्यात, आणि तेथे लिहिलेल्या क्रमांकावर दुसऱ्याच्या यंत्रावरून एकदा फोन करून पाहावा. तो आपल्याच खिशात वाजला, म्हणजे अर्ज पाठवण्यास हरकत नाही.